आभार आला

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या शिवणाच्या खोलीत दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. ज्या बायांनी महिनाभर आधी कापड आणून द्यायचं, त्या नेमक्या धनत्रयोदशीला उगवतात आणि वर म्हणतात, "ताई, लहानसंच तर काम आहे." मी चिडते, बडबडते आणि शिवून देते. यंदाही तेच चाललं होतं. तोंडात टाचण्या होत्या आणि फोन वाजला. पलीकडच्याने नाव-गाव काही न सांगता थेट विचारलं, "बाई, औंदा मंडईले येऊन रायल्या ना जी?" टाचण्या तोंडात असताना 'हो' म्हणता येत नाही. मी नुसता हुंकार दिला, आणि त्या हुंकारावर आमचा कार्यक्रम पक्का झाला. उरलेला दिवसभर पाय मशीनवर होते, पण मन कुठल्या कुठे हिंडत होतं.

मंडई म्हटलं की बाहेरच्या लोकांना भाजी आठवते. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. दिवाळी झाली की एकेक गाव आपापला दिवस ठरवतं. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरीसाठी स्थळ बघायचं असेल तर तेही याच गर्दीत बघून घेतात. गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर दुकानं लागतात. तळ्यातून ताजे काढलेले शिंगाडे, उसाच्या मोळ्या, पाकात पोहणारी जिलबी. रात्री मोठ्या मंडळ्यांची नाटकं असतात आणि दुपार आमच्यासारख्या हौशी लोकांना मिळते. नुकताच कापलेला धान शेतात पसरलेला असतो, त्याचा वास सगळीकडे असतो. हा वास आला की माझा गळा आपोआप साफ होतो. डॉक्टर याला काय म्हणतात ठाऊक नाही.

आम्ही चौघं. मी गाते. भोजराजभाऊ बेंजो वाजवतात. त्यांची नागऱ्याजवळ शेती आहे, घरी पोवारी बोलतात आणि बेंजोच्या तारा जुळवायला इतका वेळ घेतात की तेवढ्यात मी दोन ब्लाउजांना हुक लावून घेईन. ढोलकीवर मडावीदादा, नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावचे, जंगलात कामाला जाणारे. आणि मी सांगते आहे त्या वर्षी ऑक्टोपॅडवर होता बबलू. ऑक्टोपॅड म्हणजे रबरी चौकोनांचं विजेवरचं वाद्य. त्यावर काठ्या आपटल्या की नगाऱ्यापासून घुंगरापर्यंत पाहिजे तो आवाज निघतो. बबलूचं गोंदियाच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जन्म गोंदियाचाच, पण घरात हिंदी, गल्लीत हिंदी, गिऱ्हाईक हिंदी. शहरातली मराठी त्याला कळायची. खेड्यातली झाडीबोली कानावरून वाहून जायची.

लग्नात एका माणसाशी जमवून घ्यायचं असतं. गाण्याच्या पार्टीत तिघांशी, आणि तेही रोज एकाच पिकअपच्या मागच्या भागात, साउंडच्या डब्यांवर बसून. कोण कुठे बसणार, चहा कुठे घ्यायचा, कुणाच्या चुकीवर कुणी बोलायचं, सगळ्याला तोल लागतो. मला तो फारसा जमत नाही. माझी जीभ कात्रीच्या संगतीत वाढलेली. तरी या लोकांनी मला सांभाळलं. मी ताल चुकले तर मडावीदादा कधी माझ्याकडे पाहत नाहीत. ढोलकी जराशी ढिली सोडतात, मी परत जागेवर येईपर्यंत तिला घोळवत ठेवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मुद्दाम खेळवलं! असं माझं किती झाकलं गेलं असेल ते त्या ढोलकीलाच माहीत.

आणि ऐकणारे. त्यांच्याबद्दल तर मी एक पूर्ण दुपार बोलू शकते. आमच्या खेड्यात टाळ्या वाजवत नाहीत. सुरुवातीला मला हे फार लागायचं. जीव ओतून गावं आणि समोर माणसं शिंगाडे सोलत बसलेली. एकदा मी कार्यक्रमानंतर रडकुंडीला आले होते, तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ आली, माझ्या हातात लाखोरीच्या डाळीचे गरम वडे ठेवले आणि म्हणाली, "बरा होते गाना." भोजराजभाऊ म्हणाले, ताई, याहून मोठं काही या भागात कुणी कुणाला म्हणत नाही. तेव्हापासून मी 'बरा'साठी गाते. स्टेजवरून मला काय काय दिसतं! पुढच्या रांगेतल्या बाया गाण्याच्या आधी माझ्या ब्लाउजची बाही बघतात. कधी कधी समोर माझ्याच हातचा ब्लाउज बसलेला असतो, आणि तो काखेत ओढतो आहे हे मला अंतऱ्यात असताना दिसतं. मग पुढचं कडवं मी जरा अपराधी आवाजात म्हणते. लोक समजतात, करुण रस.

त्या वर्षी मात्र आमचं बिनसलं होतं. बबलू चांगला वाजवायचा, खोटं कशाला बोलू. पण हात गरम झाला की थांबायचा नाही. मी अंतरा उचलला की हा त्याच्यावर विजा पाडायचा. एका मंडईत माझे शब्द मलाच ऐकू येईनात, तेव्हा मी मागे वळले आणि माइकवरच म्हणाले, "बबलू, आता तूच गाऊन घे बाबा, मी वाजवते." अख्खं आखर हसलं. मीही हसले. बबलू हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे भोजराजभाऊंच्या मार्फत सुरू. चौघं एकाच डब्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो, आणि बबलू म्हणणार, "भाऊ, दीदी को बोलो, स्पीड न खींचे." मी म्हणणार, "भाऊ, त्याला सांगा, माझ्या गाण्यात पाऊस पडतो, दगड नाही पडत." भोजराजभाऊ बिचारे दोन्हीकडे वळून वळून मान अवघडून घेत. एकदा वैतागून म्हणाले, "मी बेंजो वाजवाले आलो का पोस्टमन म्हनून?"

मग एक दिवस बबलूने त्यांच्याचकडून निरोप दिला. गोंदियातल्या एका धुमाल पार्टीने त्याला बोलावलं होतं. धुमाल म्हणजे वरातीपुढे गाडीवर वाजणारा ढोल-ताशांचा दणका. तिथे 'हळू वाजव' म्हणणारं कुणी नसतं. मडावीदादांच्या गावची मंडई करून तो जाणार होता. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आम्ही घेतलेला होता, त्याच्यापुढचेही. ऑक्टोपॅडशिवाय आता कुणी बोलावत नाही, आणि ऐन हंगामात दुसरा वाजवणारा कुठून आणायचा? आमची पार्टी त्या गावातच संपणार हे चौघांनाही कळत होतं. मी तोंडाने म्हटलं, जातो तर जाऊ दे. पण त्या रात्री काज करताना सुई तीनदा बोटात गेली. वर्षभर मी लोकांच्या मापाने जगते. मंडईचे हे थोडे दिवस तेवढे माझ्या मापाचे असतात, आणि ते मी एका टोमण्यापायी घालवून बसणार होते.

मडावीदादांचं गाव जंगलाला लागून. मंडई कमिटीचे म्हातारे डोमाजी आमच्यासाठी वाटेवरच उभे होते. "या जी, पयले जेवा, मंग गावा," म्हणाले. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून लावलेल्या, बांबू रोवून वर निळी ताडपत्री. तोंड मावळतीकडे. समोर माणसं गच्च बसलेली, मावळतीकडे पाठ करून. त्यांच्या मागे आखर संपतं तिथून शेतं, आणि शेतात कापून पसरलेला धान. आमच्याकडे त्याला कडपा म्हणतात. तो दोन-चार दिवस उन्हात वाळतो, मग बांधून रचतात. तोवर त्याच्यावर पाणी पडू नये, एवढीच सगळ्यांची देवाजवळ मागणी असते.

शेवटचा दिवस म्हणून बबलूने एक गोष्ट मागितली होती, भोजराजभाऊंच्या मार्फत: गाण्याच्या मध्ये पाच मिनिटं फक्त तो आणि मडावीदादांची ढोलकी. मी कबूल केलं होतं. आणि काय वाजवत होते दोघं! हा काठीने विचारायचा, ते बोटांनी उत्तर द्यायचे. त्या गावात शिंगाडे सोलणं थांबलं होतं. मी माइकजवळ उभी होते, हाताला काही काम नव्हतं, आणि मनात कबूल करत होते की हे पोरगं धुमालच्या दणक्यात वाया जाणार.

तेवढ्यात मला ते दिसलं. सगळ्यांच्या पाठीमागे, शेतांच्या टोकाला, काळंकुट्ट वर चढत होतं. अख्ख्या गावात एकट्या मलाच दिसत होतं, कारण गावाची तोंडं माझ्याकडे होती. मडावीदादा मान खाली घालून बुडालेले. बबलूचे डोळे मिटलेले. भोजराजभाऊ त्या दोघांकडे बघत होते.

माझं माहेर याच पट्ट्यातलं. घाबरले की मी शाळेतली मराठी विसरते. मी माइक धरला आणि ओरडले, "आभार! आभार आला जी! उठा, बसून कायले रायले? परा! कडपा भिजते!"

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या झाडीबोलीला 'ळ' ठाऊक नाही. आम्ही त्याचा 'र' करतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. पळा म्हणजे परा. आणि आभाळ म्हणजे आभार. पावसाचा ढग आणि मनापासूनची कृतज्ञता यांना एकच शब्द वापरणारे आम्ही लोक. मला तो शब्द अजूनही फार आवडतो. पण बबलूने काय ऐकलं? कार्यक्रम संपताना कमिटीचा माणूस उठून आभार मानतो, तो शब्द त्याला पक्का माहीत होता. त्याने ऐकलं की त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांच्या ऐन मध्यात दीदीने 'आभार' म्हणून कार्यक्रम गुंडाळला, आणि वर लोकांवर खेकसून त्यांना हाकलून दिलं.

लोकांनी मागे वळून पाहिलं आणि एकच पळापळ झाली. बाया लेकरं काखेत मारून निघाल्या. मडावीदादा ढोलकी टाकून आपल्या शेताकडे धावले आणि भोजराजभाऊ धोतर खोचून त्यांच्यामागे. धान कुणाचाही असो, भिजताना शेतकऱ्याला बघवत नाही. चार-पाच जण स्टेजच्या बांबूंवर चढले आणि कडप्यावर घालायला डोक्यावरची ताडपत्री सोडू लागले. मीच सांगितलं होतं, "हे बी न्या!" बबलूला तेही कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की चिडलेले लोक आमचं स्टेज उपटत आहेत. त्याने अंगातलं जॅकेट काढून ऑक्टोपॅडवर घातलं, सगळं सामान एकट्याने ओढत शाळेच्या पडवीत नेलं. शेवटी माझा माइक घेऊन गेला. मी मागे मागे गेले. भुरभुर सुरू झाली होती.

पडवीत तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. मधला पोस्टमन शेतात. मला सांगता आलं असतं, बाबा रे, आभार म्हणजे आभाळ. पण कितीतरी दिवसांचं न बोलणं घशात साचलेलं असलं की पहिला शब्द फार जड होतो. मी पावसाकडे बघत बसले आणि तो काठ्या पुसत बसला. त्याला त्याची पाच मिनिटं परत द्यावीत असं फार वाटत होतं, पण ती कशी देतात ते मला ठाऊक नव्हतं.

पाऊस नावापुरताच आला. आभार जसा आला तसाच जंगलावरून पुढे गेला. आणि मग आखराच्या पलीकडून गाव परत येताना दिसलं. चिखलाने माखलेले पाय, भिजलेली डोकी, आणि घाईत शेतावरून तसेच निघाल्याने हातात विळे. कुणाच्या खांद्यावर दांडा. पुढे डोमाजी. हे सगळे सरळ शाळेकडे येत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं, कारण धापा टाकणारी माणसं बोलत नसतात. बबलू उभा राहिला.

डोमाजी पायरीपाशी थांबले. श्वास घेतला. म्हणाले, "जाऊ नोका जी. बाईले मार घालाची हाय."

तुम्हाला कळलंच असेल. मलाही लगेच कळलं. त्यांच्या मागे त्यांची सून सूप घेऊन उभी होती आणि सुपात झेंडूची माळ होती, मध्ये मध्ये धानाच्या लोंब्या ओवलेल्या. पण बबलूच्या हिंदीत मार म्हणजे मारच, आणि ती पडते. मी पुढे व्हायच्या आत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून. हातात त्या दोन काठ्या. अंगाने एवढासा, की पिकअपमध्ये त्याच्या वाट्याला नेहमी कोपरा यायचा.

"दीदी को कोई हाथ नहीं लगाएगा," तो म्हणाला. "उनकी ज़बान तेज़ है, दिल से ख़राब नहीं हैं. मारना है तो पहले मेरे को मारो."

डोमाजींना हिंदी बेताचीच. त्यांनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं, विचार केला आणि अगदी समजुतीने म्हणाले, "हव जी. पयले तुले घालू, मंग बाईले. त्यात का हाय!"

बबलूने डोळे घट्ट मिटले आणि मान खाली केली. माझ्यापुढून हलला मात्र नाही. आणि त्या खाली घातलेल्या मानेत डोमाजींनी माळ घातली.

थोडा वेळ त्याने डोळेच उघडले नाहीत. मग एक उघडला. झेंडूकडे पाहिलं, लोंब्यांना हात लावला, माझ्याकडे वळला. इतक्या दिवसांनी माझ्याशी थेट बोललेला त्याचा पहिला शब्द होता, "ये क्या है?" मी हसत होते आणि रडत होते, त्यामुळे सांगायला मला जरा वेळ लागला. मी सांगितलं: आभार म्हणजे आभाळ. मार म्हणजे माळ. गावाचा कडपा वाचला. तो ऐकत गेला आणि कपाळावर काठी मारून घेत गेला. मग गावाला कळलं की त्याला काय वाटलं होतं, आणि त्या पडवीसमोर जो हशा उठला तो मी कुठल्या गाण्याला ऐकला नाही. ती म्हातारी माणसं गुडघे धरून खाली बसली हसून हसून. एक जण बबलूची पाठ थोपटत म्हणाला, "पोट्टा बरा हाय."

माळ एकच होती. डोमाजी ओशाळले, मला घालायची म्हणून तर ओवली होती. बबलू ती काढायला लागला तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे, माझ्या वाटची मार तूच खाल्लीस.

मग पुन्हा गाणं झालं, पडवीतच. माइक ओला होता, ऑक्टोपॅडला वीज द्यायची भीती वाटत होती. मडावीदादा चिखलाच्या पायांनी बसले, ढोलकी गरम करून घेतली. बबलूने शाळेचा लाकडी बाक पुढे ओढला आणि त्याच्यावर काठ्या वाजवल्या. त्याची पाच मिनिटं त्याने त्या बाकावर पुरी केली, आणि गाव पायऱ्यांवर, ओल्या जमिनीवर, विळे मांडीवर ठेवून ऐकत बसलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मला नेहमी वाटतं, गाणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्यांकडे असतं याचं काहीतरी देणं लागतं. त्यांच्या पाठीमागचं आपल्याला दिसतं, त्यांना नाही. आणि आपल्या पाठीमागे कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नाही. ते बरोबरच्या माणसांना दिसतं. मी कितीतरी मंडयांत मागे वळून पाहिलं ते फक्त भांडायला. ज्या माणसाचं मी भर आखरावर हसं केलं, तो दोन काठ्या घेऊन अख्ख्या गावापुढे माझ्यासाठी उभा राहिला, आणि तेही मी चुकले आहे असं मनापासून समजून. चूक नसताना पाठीशी उभे राहणारे पुष्कळ असतात.

परतताना पिकअपमध्ये आम्ही सगळे डब्यांवर. भोजराजभाऊ सवयीने माझ्याकडे वळले, मग बबलूकडे, मग त्यांच्या लक्षात आलं की निरोप काही नाही. ते खुशाल डोळे मिटून बसले. बबलूच्या गळ्यात माळ तशीच होती. त्याची शेवटची मंडई झाली होती. मला त्याला 'जाऊ नको' म्हणायचं होतं, पण धुमालची सुपारी, त्याचं दुकान, त्याचं वय. कुठल्या तोंडाने म्हणणार? मी बाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना रचलेले धानाचे भारे जात होते.

"दीदी," तो म्हणाला, "कल कौन से गाँव जाना है?"

मी गावाचं नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.